सास्तूरचा उन्हाळा आणि क्षेत्रकार्यातील लॅपटॉप

धाराशिव जिल्ह्याच्या पूर्व भागात, लोहारा तालुक्यात, सास्तूर हे गाव आहे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास किल्लारी परिसरात जो भूकंप झाला, त्यात ज्या गावांची अतोनात हानी झाली त्यांत सास्तूरची गणना होते. गणेशविसर्जनाची रात्र संपत आली होती आणि बहुतेक माणसे घरांत झोपलेली होती. दोन-अडीच फूट, क्वचित त्याहूनही अधिक जाडीच्या दगडमातीच्या भिंती आणि त्यांवर वर्षानुवर्षे मातीचे थर चढून जड झालेली माळवदे अंगावर कोसळल्यामुळे त्या परिसरात हजारो माणसे दगावली. पुढे भूकंपग्रस्त गावांना आखीव रस्त्यांची, सुट्या सुट्या घरांची वस्ती मिळाली. माळवदाची घरे गेली ती गेलीच.

भाषेच्या अभ्यासकाला या घटनेत आणखी एक नुकसान दिसते. जे घर उरले नाही त्या घराच्या अवयवांची नावेही बोलीतून सरकू लागतात. माळवद, ढेलज, बळद, देवळी, पेव हे शब्द कोशात सापडतील. परंतु बळदात कोणी उतरायचे, माळवदावर पावसाळ्याआधी कोणती माती पसरायची, ढेलजेत कोणाला बसवायचे आणि कोणाला आत न्यायचे, हा व्यवहार ज्या वाक्यांतून चाले ती वाक्ये कोशात नसतात. ती तेथे राहिलेल्या माणसांच्या तोंडी असतात. भूकंपाच्या वेळी तिशीत असलेली व्यक्ती आज साठी ओलांडून गेली आहे. त्यात हा मुलूख कन्नड सीमेलगतचा आणि १९४८ पर्यंत निजामी अमलाखालचा. तेव्हा येथल्या बोलीत कन्नड आणि उर्दू यांचे जे थर आहेत ते जुन्या पिढीच्या बोलण्यातच स्वच्छ दिसतात. अशा वक्त्याने दोन तास सांगितलेला मजकूर हरवला, तर पुन्हा जाऊन विचारता येते, हे खरे. पण मग मिळते ते दुसरे कथन असते. एकदा सांगून मोकळा झालेला माणूस दुसऱ्यांदा तेच त्याच शब्दांत सांगत नाही, आणि कित्येकदा दुसरी वेळ येतच नाही.

बोलींच्या अभ्यासाची साधने गेल्या साठ वर्षांत पार बदलली. डॉ. अ. मा. घाटगे यांच्या मराठी बोलींच्या सर्वेक्षणाचे खंड १९६३ पासून प्रसिद्ध होऊ लागले, त्या काळी अभ्यासकाची भिस्त मुख्यतः कान, कागद आणि ध्वनिलिपी यांवर असे. पुण्याचे डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्था यांनी २०१७ पासून हाती घेतलेल्या बोली-सर्वेक्षणात मात्र ध्वनिमुद्रण आणि संगणकावरील साठवण हाच कामाचा पाया आहे. वही उन्हाने बंद पडत नसे, लॅपटॉप पडतो. उष्मा आणि वीज या बाबी दुरुस्तीवाल्याच्या, असे समजून विद्यार्थी त्यांकडे दुर्लक्ष करतात. सामग्री कशी गोळा झाली आणि ती शाबूत राहिली काय, हा प्रश्न संशोधनपद्धतीचा मानला, तर या बाबीही तिच्यातच मोडतात.

प्रथम उष्म्याचा विचार करू. लॅपटॉपला विजेच्या रूपाने जी ऊर्जा मिळते ती जवळजवळ सगळी अखेर उष्णता होऊन बाहेर पडते. साधे लेखन चालू असता ती दहा-पंधरा वॅट असते, म्हणजे एका लहान बल्बाइतकी. चित्रफीत किंवा मोठी ध्वनिफीत प्रक्रियेस लावली की ती चाळीस-पन्नास वॅटपर्यंत चढते. ही उष्णता नखाएवढ्या चकतीत निर्माण होते. तेथून ती तांब्याच्या एका चपट्या नळीने यंत्राच्या कडेला नेली जाते. नळीच्या पोटात अगदी थोडे पाणी असते. तापलेल्या टोकाशी त्याची वाफ होते, थंड टोकाशी ती पुन्हा द्रवरूप होते आणि नळीच्या आतील अस्तरातून परत फिरते. थंड टोकाला पातळ पत्र्यांची एक जुडी असते आणि तिच्यावरून पंखा हवा ढकलतो. इतकीच ही व्यवस्था.

या व्यवस्थेची मर्यादा तिच्या तत्त्वातच आहे. पंखा हवा गार करीत नाही, तो असलेली हवा पुढे लोटतो. चकती आणि खोलीतील हवा यांच्या तापमानात जो फरक पडतो तो कामाच्या भारावर अवलंबून असतो. म्हणून खोली जितकी तापेल तितकीच चकतीही वर सरकते. उदाहरणार्थ, पुण्यातील सत्तावीस अंशांच्या खोलीत एखाद्या कामाला चकती सत्तर अंशांवर राहत असेल, तर मे महिन्यात सास्तूरच्या बेचाळीस अंशांच्या खोलीत तेच काम तिला पंच्याऐंशीवर नेईल. पत्र्यांच्या जुडीत धूळ बसून वाट अर्धी झाली असेल तर आणखी दहा-पंधरा अंशांची भर पडते, आणि शंभराच्या घरात चकतीची सहनशक्ती संपते. तेथे यंत्र स्वतःला सावरू लागते. प्रथम ते आपला वेग घटवते आणि तेवढ्याने भागले नाही तर एकाएकी बंद होते. वेग घटला की विद्यार्थी 'व्हायरस' शिरला असे निदान करतो, आणि भर दुपारी एक नवा तपासणी-कार्यक्रम चालू करून यंत्रावरचा भार वाढवतो. बहुतेक उत्पादक आपल्या यंत्रासाठी भोवतालच्या हवेची वरची मर्यादा पस्तीस अंश देतात, हे माहितीपत्रकाच्या बारीक अक्षरांत असते. मराठवाड्यात एप्रिल-मेच्या दुपारी उघड्यावर ठेवलेला लॅपटॉप म्हणजे मुळातच मर्यादेबाहेर वापरलेला लॅपटॉप होय.

येथे घराचा प्रश्न पुन्हा उपस्थित होतो. जुनी जाड भिंत आणि मातीचे माळवद दिवसाची उष्णता इतक्या सावकाश आत सोडीत की ती आत पोहोचेपर्यंत बाहेर रात्र झालेली असे. घर दुपारी गार लागे त्याचे कारण हेच. भूकंपात जीवघेणे ठरलेले वजनच उन्हाळ्यात उपकारक होते, ही गोष्ट नव्या घरांत राहणारी वडीलधारी माणसे आजही बोलून दाखवतात आणि त्यांचे म्हणणे पदार्थविज्ञानाला धरूनच आहे. नवे सिमेंटचे छत त्यामानाने पातळ. ते दिवसभर तापते आणि ती उष्णता संध्याकाळपासून खाली सोडू लागते. म्हणून रात्री आठ-नऊला स्लॅबच्या खोलीपेक्षा अंगण गार असते. पत्र्याचे छप्पर याच्या उलट वागते. ते दुपारी असह्य तापते, पण दिवस मावळल्यावर लवकर निवते. तेव्हा दिवसाचे काम संपवून, रात्री जेवण उरकून, स्लॅबच्या खोलीत दार लावून ध्वनिमुद्रणे उतरवून घेण्याची जी सवय संशोधकांना असते, ती यंत्राच्या दृष्टीने सर्वांत वाईट वेळेला पडते. पहाटे पाच ते सात ही वेळ उत्तम. मे महिन्यातही त्या वेळी पारा पंचविशीच्या आसपास उतरलेला असतो आणि छतातील उष्णताही निघून गेलेली असते. रात्रीच काम करणे भाग असेल तर ओसरीवर किंवा अंगणात बसावे.

यंत्र कशावर ठेवले आहे याला त्याहून अधिक महत्त्व आहे. पाहुण्याला बसायला वाकळ किंवा गोधडी अंथरून देणे हा गावचा रिवाज आहे, आणि पाहुणा मांडी घालून लॅपटॉप तिच्यावरच ठेवतो. बहुतेक यंत्रांची हवा आत घेण्याची जाळी तळाला असते. गोधडी ती पूर्णपणे बंद करते, मांडीही करतेच. यजमानाला पाट मागावा. पाटावर यंत्राची मागची कड दोन बोटे उंच राहील अशी एखादी वस्तू, मग ती विटेचा तुकडा असो वा दोन काडेपेट्या, खाली सरकवावी. फरशी शहाबादी असेल तर ती स्वतः गार असते, परंतु थेट फरशीवर ठेवल्यास खालून हवा शिरत नाही. तेथेही दोन काडेपेट्या हव्यातच. विकत मिळणारे पंखे लावलेले पाट वाईट नसतात, मात्र ते आपली वीज लॅपटॉपच्याच बॅटरीतून ओढतात.

ओला कपडा गुंडाळणे, माठाला टेकवून ठेवणे, तापलेले यंत्र शीतपेटीत घालणे, असे उपाय सांगणारे लोक भेटतात. त्यांचे मुळीच ऐकू नये. गार पृष्ठभागावर हवेतील बाष्प दवासारखे जमते आणि ते आतल्या जोडण्यांवर बसते. कूलरची गोष्ट निराळी. मराठवाड्याचा उन्हाळा कोरडा असल्याने तेथे कूलर खोलीचे तापमान आठ-दहा अंश सहज उतरवतो. त्याच्या झोतासमोर यंत्र न ठेवता खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवले की झाले. सप्टेंबरात, हवा दमट झाल्यावर, त्याच कूलरचा फारसा उपयोग होत नाही. बंद मोटारीत लॅपटॉप ठेवून वक्त्याकडे जाणे हा सर्वांत वाईट प्रकार. उन्हात उभ्या मोटारीत तापमान साठ अंशांच्या घरात जाते आणि बंद असलेल्या यंत्राची बॅटरीदेखील त्यात भाजून निघते.

धुळीविषयी थोडे. काळ्या मातीचा फुफाटा अतिशय बारीक असतो. तो पंख्यातून सुखरूप जातो आणि पत्र्यांच्या जुडीच्या तोंडाशी अडकून तेथे नमद्यासारखा थर धरतो. बाहेरून जाळी स्वच्छ दिसते, अडथळा आत असतो. दर क्षेत्रभेटीनंतर माहितगाराकडून मागचे झाकण उघडून तो थर काढून घ्यावा. हवेचा झोत मारताना पंख्याची पाती काडीने अडवून धरावीत, नाहीतर तो भलत्या वेगाने फिरून त्याचे बेअरिंग बिघडते. चकती आणि नळी यांच्यामधला लेप तीन-चार वर्षांत वाळतो. तोही त्याच वेळी बदलून घेणे हिताचे.

उष्म्याचा एक परिणाम भाषाशास्त्रज्ञाखेरीज दुसऱ्या कोणाला फारसा जाचत नाही. तापलेल्या यंत्राचा पंखा जोरात फिरू लागतो आणि त्याची घरघर व सूं असा आवाज ध्वनिमुद्रणात उतरतो. हा आवाज अनियमित स्वरूपाचा आणि विस्तृत कंप्रतेत पसरलेला असतो. घर्षक ध्वनींची ओळख ज्या वरच्या पट्ट्यात पटते नेमका तोच तो झाकतो. स आणि श यांतील भेद, महाप्राणाचा श्वास, आणि मराठीत फार महत्त्वाचा असलेला दंत्य व तालव्य च-ज यांचा भेद मोजू पाहणाऱ्याला अशी मुद्रणे निरुपयोगी ठरतात. 'प्राट' या ध्वनिविश्लेषणाच्या आज्ञावलीत ती उघडली की वरचा सगळा पट्टा राखाडी दिसतो. पंखा नंतर गाळून टाकता येतो असे म्हणणारे असतात, पण गाळताना त्याच पट्ट्यातील ध्वनीही थोडा गाळला जातो. लॅपटॉपनेच थेट मुद्रण करण्याची पद्धत क्षेत्रकार्यात सोडून द्यावी, असे म्हणण्याचे हे पहिले कारण. दुसरे कारण विजेच्या बाजूने येते.

विजेच्या बाबतीत संशोधकाने गावाची भाषा आधी ऐकावी. ग्रामीण मराठीत वीज या अर्थी 'लाइट' हा शब्द स्थिरावला आहे. भर दुपारी पंखा थांबला तरी 'लाइट गेली' असेच म्हणतात. 'भारनियमन' हा घडवलेला संस्कृत शब्द या शतकाच्या पहिल्या दशकातील दीर्घ वीजकपातीमुळे घरोघर पोहोचला. पारिभाषिक शब्दांना असे भाग्य क्वचितच लाभते. रोहित्र हा मात्र कागदावरच राहिला आणि गावाने 'डीपी' पसंत केली. या शब्दांत भेद सूक्ष्म आहेत आणि ते उपयोगाचे आहेत. 'लाइट कमी आहे' म्हणजे दाब उतरला आहे. 'एक फेज गेला' म्हणजे तीन तारांपैकी एकीवरचा पुरवठा तुटला आहे, काही घरांत वीज आहे आणि काहींत नाही. 'थ्री फेज आली' हे वाक्य शेतीपंपांच्या वाहिनीविषयी असते. ती वीज बऱ्याच ठिकाणी ठराविक तासांपुरती, पाळीपाळीने दिवसा किंवा रात्री मिळत आली आहे, आणि सौर वाहिन्या सुरू झाल्या तेथे दिवसा मिळू लागली आहे. हे वाक्य कानावर आले की आसपासचे पंप एकदम सुरू होणार आणि पुरवठ्यावर ताण पडून दाब खाली जाण्याचा संभव आहे, हे ओळखावे. 'लाइट वर-खाली होते' हे वाक्य या सर्वांत गंभीर. ते ऐकल्यावर कोणतेही यंत्र खुंटीला लावू नये.

त्याचे कारण असे. घरगुती पुरवठा २३० व्होल्टचा मानला जातो आणि त्यात सहा टक्क्यांची घटवाढ नियमाने क्षम्य आहे. म्हणजे २१६ ते २४४. प्रत्यक्षात तो कित्येकदा १७० किंवा १६० पर्यंत उतरतो. लॅपटॉपच्या अडॅप्टरला याचा त्रास होत नाही. त्याच्यावर १०० ते २४० व्होल्ट असे छापलेले असते आणि तेवढ्या टप्प्यात तो आपले १९-२० व्होल्ट एकसमान देतो. उतरलेल्या दाबाने पंखे आणि पाण्याच्या मोटारी जळतात, अडॅप्टर जळत नाही. तेव्हा निव्वळ त्यासाठी जड स्टॅबिलायझर वाहून नेण्याचे कारण नाही. (बाजारात याला सर्रास 'चार्जर' म्हणतात. वस्तुतः बॅटरी भरण्याचे नियंत्रण यंत्राच्या आत असते, बाहेरचा ठोकळा केवळ दाब बदलून देतो.) खरा धोका चढत्या दाबाचा. रोहित्रापासून घरांकडे तीन फेज आणि एक सामाईक न्यूट्रल तार येते. फेज आणि न्यूट्रल यांत २३० व्होल्ट असतात, परंतु दोन फेजांमध्ये सुमारे ४०० असतात. न्यूट्रलची जोडणी सैल झाली, गंजली किंवा वाऱ्याने तुटली, की वेगवेगळ्या फेजांवरची घरे एकमेकांशी जोडल्यासारखी होतात आणि दाबाची वाटणी त्यांच्या वापरावर ठरते. ज्या फेजावर वापर जास्त तेथे दिवे मंदावतात. जेथे वापर कमी तेथे दाब ३०० आणि त्याहूनही वर चढतो. एका घरात मिणमिण आणि शेजारी लखलखाट, हेच ते 'वर-खाली'. अडॅप्टरच्या आत या दाबाची सरळ वीज करून ती ज्या संधारकात साठवतात तो साधारणतः ४०० व्होल्टचा असतो. २३० व्होल्टला त्याच्यावर ३२५ व्होल्ट पडतात, ३०० ला सव्वाचारशे. तो फुटतो, आणि कधी कधी पाठोपाठ लॅपटॉपही जातो.

यावर उपाय स्वस्त आहे. ठरावीक मर्यादेपेक्षा दाब चढताच पुरवठा तोडणारे आणि तो स्थिरावल्यावर काही मिनिटांनी पुन्हा जोडणारे लहान साधन शहरात विजेच्या कोणत्याही दुकानात मिळते. शीतकपाटासाठी म्हणून ते विकतात. अडॅप्टर आणि खुंटी यांच्या मध्ये ते असावे. नुसत्या 'स्पाइक गार्ड'वर भिस्त ठेवू नये. त्यातील घटक क्षणिक उसळी गिळण्यासाठी असतो, मिनिटभर टिकणाऱ्या ३०० व्होल्टपुढे तो स्वतःच जळतो. वीज जाऊन परत आली की पहिली चार-पाच मिनिटे काहीही लावू नये, कारण त्या वेळात सगळ्या गावाची यंत्रे एकदम चालू होत असतात. आणि वळवाच्या दिवसांत, म्हणजे एप्रिलपासून जूनच्या आरंभापर्यंत, आभाळ भरून आले की पहिला गडगडाट होण्यापूर्वीच तार खुंटीतून उपसून ठेवावी. आकाशातील विजेपासून बटण बंद करून रक्षण होत नाही. तिने मैलभर हवा ओलांडलेली असते, बटणातील दोन मिलिमीटरच्या फटीची तिला काय तमा!

अर्थिंग हा विषय थोडक्यात आटोपता येईल. लॅपटॉपच्या धातूच्या अंगाला हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखे वाटत असेल, तर अर्थिंग नाही किंवा तीन पिनांच्या तारेला दोन पिनांची जोडणी लावून ती मोडली आहे असे समजावे. त्या मुंग्या सहसा घातक नसतात. पण हीच गळती ध्वनिमुद्रकाच्या तारेत शिरून पन्नास हर्ट्झची गुणगुण उमटवते, आणि तिच्या पटी शंभर व दीडशे हर्ट्झवर पडतात. पुरुषाच्या आवाजाची मूळ कंप्रता याच परिसरात असते. स्वरोच्चाराची चढउतार मोजणाऱ्याला मग वक्ता कोणता आणि वीजमंडळ कोणते हे वेगळे काढावे लागते.

म्हणून क्षेत्रात खुंटीची गरजच कमी करणे हा शहाणा मार्ग ठरतो, आणि हिशेब केला तर तो सोपाही आहे. ध्वनिमुद्रण स्वतंत्र, सेलवर चालणाऱ्या मुद्रकाने करावे. त्याला पंखा नाही, त्यामुळे घरघर नाही. तार नाही, त्यामुळे गुणगुण नाही. आणि लाइट गेली तरी वक्त्याचे वाक्य अर्धे राहत नाही. आता ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, दोन मार्गिका अशा उत्तम प्रतीच्या मुद्रणाला तासाला सुमारे एक गिगाबाइट जागा लागते. दिवसाला चार तास मुद्रण झाले (यापेक्षा अधिक काम वक्ता आणि संशोधक दोघांनाही झेपत नाही) तर चार गिगाबाइट होतात. सेकंदाला वीस मेगाबाइट या मध्यम गतीनेही ते उतरवायला साडेतीन-चार मिनिटे पुरतात. एक प्रत लॅपटॉपवर, दुसरी वेगळ्या पिशवीत राहणाऱ्या तबकडीवर, आणि दोन्हींतून थोडे थोडे ऐकून खात्री, असे सगळे धरले तरी वीस मिनिटे होत नाहीत. म्हणजे गावात लॅपटॉप दिवसातून अर्धा तास, पहाटेच्या गारव्यात, स्वतःच्या बॅटरीवर चालला की पुरे. 'इलान'मध्ये चित्रफितीवर टिपणे जोडणे, आपोआप लिप्यंतर करून घेणे, मोठ्या प्रमाणावर ध्वनिविश्लेषण चालवणे, ही भारी कामे विभागात परतल्यावर करावीत. गावात राहून तीच करीत बसणारा विद्यार्थी वक्त्यांसाठी आलेला वेळ यंत्रापुढे घालवीत असतो, हे मार्गदर्शकांनी त्याला सांगितले पाहिजे.

या रीतीला एकच अट आहे : लॅपटॉपची बॅटरी धडधाकट हवी. विभागांतून क्षेत्रकार्यासाठी दिले जाणारे यंत्र बहुधा जुने असते, त्याची बॅटरी दहा मिनिटेही धरत नाही आणि ते सदैव तारेला बांधलेले असते. असे यंत्र लाइट गेल्याक्षणी विझते. लिहिली जात असलेली फाइल अर्धवट राहते. निरोगी बॅटरी हाच लॅपटॉपचा अंगभूत आधार आहे, तो गेला तर ते यंत्र क्षेत्रासाठी निकामी समजावे. लिथियम बॅटरीला उष्णता सोसत नाही आणि तुडुंब भरून ठेवणेही सोसत नाही. दोन्ही एकत्र आल्यास तर मुळीच नाही. चाळीस अंशांत पूर्ण भरून ठेवल्यास वर्षभरात तिच्या क्षमतेचा सुमारे तिसरा हिस्सा जातो. ऐंशी टक्क्यांवर भरणे थांबवण्याची सोय बहुतेक नव्या यंत्रांत असते, ती एकदा लावून ठेवावी. बॅटरी दुपारी भरू नये. लागलीच तर वीस हजार मिलिअँपिअर-तासांची, लॅपटॉपला चालेल अशी पॉवर बँक जवळ असावी. तिच्यात सुमारे ७४ वॅट-तास मावतात आणि त्यातून एक वेळचे भरणे होते. यजमानाच्या घरी इन्व्हर्टर असेल तर तो चौकोनी लहरीचा की साइन लहरीचा हे विचारावे. चौकोनी लहरीवर अडॅप्टर गुणगुणतो आणि अधिक तापतो, म्हणून त्यावर थोडाच वेळ काम करावे. टचपॅड वर उचललेले, झाकण नीट न मिटणारे किंवा कळफलक मध्यभागी फुगलेले दिसले, तर आतील बॅटरी फुगली आहे. ते यंत्र त्याच क्षणी बंद करावे, पुन्हा भरू नये, दाबू नये, टोचू नये, आणि झोपण्याच्या खोलीत ठेवू नये.

इतके करूनही एखादे वेळी मुद्रकाचे सेल मध्येच संपतात. मग कार्डावरील शेवटची फाइल शून्य लांबीची दिसते. अशा वेळी घाबरून जाऊन तेच कार्ड पुन्हा वापरण्याची चूक होते, आणि खरे नुकसान तेव्हा घडते. ध्वनिफायलीच्या आरंभी तिची लांबी सांगणारी एक नोंद असते व ती मुद्रण थांबवताना अखेरीस लिहिली जाते. वीज मध्येच तुटल्यास ती नोंद राहून जाते, परंतु ध्वनी बहुधा कार्डावर लिहिलेला असतो. काही मुद्रक पुन्हा चालू करताच ती स्वतः दुरुस्त करतात. तसे न झाल्यास कार्ड काढून त्याच्या कडेची बारीक खिट्टी लेखनबंद बाजूला सरकवावी, चिठ्ठीवर दिनांक व वक्त्याचा सांकेतिक क्रमांक लिहून ते तसेच पाकिटात घालावे, आणि पुढचे मुद्रण दुसऱ्या कार्डावर सुरू करावे. फाइल परत मिळवण्याचे काम विभागातील संगणकावर, कार्डाची संपूर्ण प्रत काढून घेतल्यानंतर, त्या प्रतीवर करावयाचे असते.